आधी चुना, मग बी

शिकारीसाठी हरणं यावीत म्हणून लावलेल्या चाऱ्याच्या प्लॉटमध्ये, बियाण्याची महागडी पिशवी टाकूनही क्लोव्हर (तीन पानांचा हिरवा चारा) पिवळा पडला म्हणताय, तर दोष बियाण्याचा नसावा. मातीचा सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; जितका कमी तितकी माती आंबट) तपासा. इथे मिशिगनमध्ये जंगलालगतची रेताड जमीन बऱ्याचदा आंबट निघते. सामू ६च्या खाली असेल तर खताचे पैसे मातीतच गेले समजा. चुना हवा, तोही पेरणीच्या चार-सहा महिने आधी. पहिल्या वर्षी मीही हे टाळलं आणि तण पोसलं.

यंदा ऑगस्टच्या सुरुवातीला सलगम फोकून पेरा. सुरुवातीला हरणं पानांना तोंडही लावत नाहीत, पण एकदा गोठवणारी थंडी पडून पानांत गोडी उतरली की दोन आठवड्यांत फडशा! सप्टेंबरात राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) टाका, ती कुठेही येते.

प्लॉटच्या मधोमध जाळीचं एक गोल कुंपण ठोका. आत गुडघाभर आणि बाहेर बोटभर दिसलं, तर पीक येतंय, फक्त हरणं शिल्लक ठेवत नाहीत.

हरणांसाठी असं पीक लावणं म्हणजे ‘हे आमिषच की’ असंही कुणी म्हणालं. लोअर पेनिन्सुलात (मिशिगनच्या दक्षिणेकडच्या भागात) २०१९पासून बंदी आहे ती मक्याचे ढीग वगैरे टाकण्यावर. उभ्या पिकावर नाही.