तारण, बाप्तिस्मा आणि स्वर्ग

‘बाप्तिस्मा (ख्रिस्ती होताना पाण्याने करायचा विधी) घेतला की स्वर्ग निश्चित, नाहीतर नरक’ असे ख्रिस्ती मत असल्याचे म्हटले जाते. ते इतके सरसकट नाही. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात येशूसोबत क्रुसावर चढवलेल्या एका गुन्हेगाराला त्याच दिवशी सुखलोकाचे आश्वासन मिळते, आणि त्याच्या बाप्तिस्म्याचा तेथे उल्लेखही नाही.

आपल्या कोल्हापुरात १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी सुरू केलेले मिशनकार्य पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट मंडळीकडे गेले, त्यामुळे येथील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांवर सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेचे संस्कार आहेत. या परंपरेनुसार तारण, म्हणजे पापातून सुटका, ही देवाची कृपा असून ती विश्वासाने स्वीकारायची असते. माणसाच्या पुण्यकर्मांनी ती मिळवता येत नाही, मात्र खरा विश्वास सत्कर्मांवाचून राहत नाही. प्रेषित पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्राचा आधार येथे घेतला जातो. बायबलमधीलच याकोबाचे पत्र मात्र कर्मांशिवाय विश्वास निर्जीव ठरवते, आणि सोळाव्या शतकातील कॅथलिक-प्रोटेस्टंट फुटीचे एक मोठे कारण हाच ताण होता. (१९९९ साली लुथरन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) व कॅथलिक नेत्यांनी या प्रश्नावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, हे फारसे कोणी सांगत नाही.)

इतर धर्मीयांबद्दल कॅथलिक चर्चने १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (जगभरातील बिशपांच्या सभेत) स्पष्ट केले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात व सदसद्विवेकानुसार वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. ख्रिस्तावरील वैयक्तिक विश्वासावर भर देणाऱ्या अनेक इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट मंडळ्यांना हे मान्य नाही, आणि माझ्या मते सुरुवातीला दिलेले विधान त्यांच्याच भूमिकेच्या अधिक जवळ जाते.