लाडकी बहीण, शेतातली मजुरी आणि लॉटरीचा पैसा: टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची चर्चा

हिशेबवही

लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांवर बोलणं निघालं की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, या पैशामुळे बायका कामाला येईनाशा झाल्या. दुसरी, तिजोरीला झेपत नसेल तर राज्य लॉटरी वाढवा, गोव्यासारखे कॅसिनो उघडा. मला दोन्ही पटत नाहीत.

महिन्याला १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. तेवढ्यासाठी कोणी अडीचशेची खुरपणी सोडत नाही. कामावर परिणाम होतो तो पात्रतेच्या अटींमुळे. संजय गांधी निराधार योजनेतही विधवेला महिन्याला १५०० मिळतात, पण त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. अडीचशे रुपये रोजाने ८४ दिवस भरले की विधवा बाई त्या रेषेवर पोचते. काम तर तिला करावंच लागतं, मग दाखल्यावर उत्पन्न दडवावं लागतं. उद्या गावातल्या कुणी खुन्नस धरून अर्ज केला की पैसे बंद. कष्ट करणाऱ्या बाईला सरकारनेच खोटं बोलायला लावावं, याचा मला मनापासून राग येतो.

आता जुगाराचा पैसा. राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर थोडा वेळ उभं राहून बघा, तिकीट कोण घेतंय. हमाल, रिक्षावाले, वॉचमन. म्हणजे बायकोच्या खात्यात टाकायचे आणि नवऱ्याच्या खिशातून काढायचे. त्यातही बक्षिसं, कमिशन आणि छपाई वजा जाता तिजोरीत पडतं ते थोडंच. महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी देणारा १९७६ चा कायदा कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला, ते योग्यच झालं.

पैसा उभा करायचा रस्ता आपल्याच राज्याने दाखवला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. पगारदाराच्या स्लिपवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, तोच हा कर. शहरातल्या नोकरदाराने दुष्काळात खडी फोडणाऱ्याची मजुरी भरली, आणि तीही उघडपणे.

काळी माती

५० रुपयांचं गणित शहरात बसून ठीक आहे. आमच्याकडे सोयाबीन काढणीच्या पंधरवड्यात माणूस मिळत नाही हे मी दर हंगामात बघतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती गवईही हेच म्हणाले होते, आणि तेही शेतकरी घरातले आहेत. एका घरात दोघींना मिळाले तर महिन्याला तीन हजार. त्यातली एक जरी त्या आठवड्यात घरी बसली तरी माझं पीक पावसात सापडतं. उक्तं द्यायचं तर एकरी दर दरवर्षी चढतोय. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ होता आणि बाजारात चार-सव्वाचार हजारांनी द्यावं लागलं. तुमची ती कल्याणकारी योजना माझ्या खिशातून चालते.

पाणंद

दादा, तुमची अडचण खरी आहे. पण ती बाई घरी बसलेली नाही. ती मुकादमाला सांगतेय की अडीचशेत येत नाही, तीनशे दे. पूर्वी तिला असं म्हणता येत नव्हतं, कारण त्या दिवसाचं मीठमिरची त्या दिवसाच्या मजुरीवर होतं. माझी आई अजून निंदणी-खुरपणीला जाते. फरक एवढाच पडला की ताप असला तर जात नाही. आधी गोळी खाऊन जायची. याला आळस म्हणायचं असेल तर मला ते मान्य नाही. भाव पडल्याचा राग सोयाबीनच्या व्यापाऱ्यावर आणि सरकारवर काढा, निंदणी करणाऱ्या बाईवर नको.

मांडवीकाठ

गोव्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्याकडे गृहिणींना दरमहा पैसे देणारी गृह आधार योजना लाडक्या बहिणीच्या कितीतरी आधीपासून, २०१२ च्या सरकारपासून चालू आहे. कॅसिनोचा महसूल नसता तर छोट्या राज्याने काय केलं असतं? शिवाय फेब्रुवारी २०२० पासून गोंयकाराला कॅसिनोत खेळायला बंदी आहे. आमच्या घरांची झळ आम्ही थांबवली. खेळणारा बाहेरचा, पैसा आमच्या बायकांना. यात वाईट काय?

हिशेबवही

मांडवीकाठ, बाहेरचा म्हणजे कोण? पणजीत मांडवीच्या धक्क्यावर शनिवारी रात्री एमएच पाट्यांच्या गाड्या किती असतात ते तुम्हीच बघता. हरतो तो कोल्हापूर-पुण्याचा, आणि त्याचं घर आमच्याकडे मोडतं. गोव्याला नुकसान सीमेपलीकडे ढकलता येतं. साडेबारा कोटींच्या महाराष्ट्राने ते कुठे ढकलायचं? आणि स्वतःच्या माणसाला ज्या दारातून आत सोडवत नाही, त्या दाराचा पैसा चांगला कसा? विरोधी पक्षात असताना पर्रीकरांनी मांडवी नदीतल्या जहाजांवरच्या कॅसिनोंविरुद्ध रान उठवलं होतं. सत्तेत आल्यावर जहाजं तिथेच राहिली. तिजोरीला एकदा सवय लागली की असं होतं.

ताळेबंद

हेतू चांगला, पण व्यवसाय कराचं उदाहरण इथे पुरं पडत नाही. घटनेने त्याला माणशी वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा घातली आहे आणि ती १९८८ पासून तशीच आहे. २०२५-२६ मध्ये लाडक्या बहिणीला ३६ हजार कोटी ठेवले, महसुली तूट ४५,८९१ कोटी. हा खड्डा त्या कराने बुजणार नाही. जून २०२५ मध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवून १४ हजार कोटींची अपेक्षा धरली, मग तो पैसा कुठल्या घरातून येतो? दारूचा चालतो आणि लॉटरीचा नाही, हे मला समजत नाही.

हिशेबवही

दारूचाही चालत नाही, मी त्याचंही समर्थन करत नाही. मुद्रांक शुल्क आहे, मोठ्या शहरांतल्या रिकाम्या फ्लॅटवर जादा मालमत्ता कर लावता येईल, आणि २५०० ची मर्यादा वाढवून घ्यायला दिल्लीत भांडता येईल. त्यासाठी मात्र मध्यमवर्गाला नाराज करायची तयारी लागते. आणि लाडक्या बहिणीत कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर एक रुपया गेलं की वर्षाचे १८ हजार एकदम बंद करू नका, उत्पन्न वाढेल तसतशी रक्कम थोडी-थोडी घटवा. २१ हजारांची अट तर विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात बदलायला हवी.

पाणंद

तेवढं एक झालं तरी आमच्या गल्लीतल्या तीन विधवा तलाठ्यापुढे मान खाली घालून उभ्या राहणार नाहीत.

काळी माती

२१ हजारांबद्दल माझा विरोध नाही, ती अट अन्यायाचीच आहे. पण रोजगार हमीतून काढणी-मळणीची अर्धी मजुरी द्या, ही आमची मागणीही त्याला जोडा. बाईला साडेतीनशे मिळू देत, माझ्यावर पावणेदोनशेच पडू देत.