डाव, दान, चाल, हात : तुमच्या घरी काय म्हणत?

बैठ्या खेळांतले शब्द इथे गोळा करू या का? विशेषतः दान, चाल, हात आणि डाव. या चारही शब्दांच्या जागी आता मुलांच्या तोंडी सरसकट 'टर्न' आहे. मला त्यात खरंच नुकसान दिसतं, म्हणून हा धागा.

सुट्टीत बालमैत्रीण मुलीला घेऊन आली होती. जेवणं उरकल्यावर आम्ही फरशीवर खडूने चल्लस-आठचा पट आखला. पाच बाय पाच घरं, चारी कडांच्या मधल्या घरांत फुल्या आणि मध्यभागी एक फुली. कवड्या मिळाल्या नाहीत, म्हणून लहानपणी करायचो तसे चिंचोके फोडले. एक बाजू काळी, एक पांढरी. सोंगट्या म्हणून तिने बांगडीच्या काचा घेतल्या, मी शर्टाची बटणं, मुलीने तुरीचे दाणे. चारही पांढरे पडले की चल्लस, चारही काळे पडले की आठ, आणि दोन्हींवर आणखी एकदा टाकायला मिळतं. दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही.

मुलगी विचारत होती, "आता माझी टर्न का?" मैत्रीण म्हणत होती, "टाक दान", "अगं, आठ पडले, अजून एक दान आहे तुला", "दान चांगलं होतं, चाल वाया घालवलीस". शेवटच्या वाक्याशी मी थांबले. हे 'टर्न' वापरून सांगताच येणार नाही.

दान म्हणजे हातातून जे पडतं ते. त्यावर आपला ताबा नाही. चाल म्हणजे पडलेल्या दानाचं आपण काय करतो ते. कोणती सोंगटी पुढे काढायची, कोणती फुलीवर सुरक्षित ठेवायची. आणि डाव म्हणजे मांडण्यापासून मोडण्यापर्यंतचा सगळा खेळ. बोलण्यातही हा फरक आपण नकळत पाळतो. 'दान उलटं पडलं' म्हणताना दोष नशिबाचा, 'चाल चुकली' म्हणताना खेळणाऱ्याचा, आणि 'डाव फसला' म्हटलं की बेतच कोसळला. बुद्धिबळात दान नाहीच, नुसत्या चाली आहेत. पत्त्यांत एकेका फेरीला हात म्हणतात: 'आमचे सात हात झाले'.

मग 'पाळी' हा सरळ शब्द का मागे पडला? माझ्या मते कारण उघड आहे. मासिक पाळीमुळे मुली तो चारचौघांत टाळू लागल्या. आम्हीही शाळेत 'तुझा नंबर' म्हणायचो.

आणखी एक शब्द त्या दुपारी निघाला: पोबारा. चौसराच्या, म्हणजे सारीपाटाच्या, लांबट फाशांवर एक, दोन, पाच आणि सहा असे ठिपके असतात. तीन फाशांवर एक, सहा, सहा पडले की ते पौ-बारा, म्हणजे तेरा. हिंदीत 'पौ बारह होना' म्हणजे नशीब उघडणं. मराठीत मात्र 'पोबारा करणे' म्हणजे पळून जाणं! एवढं मोठं दान पडलं की सोंगटी मारेकऱ्याच्या टप्प्यातून एका दमात निसटते, त्यावरून हा अर्थ आला असावा असं मला वाटतं. कुणाला दुसरी उपपत्ती माहीत असेल तर जरूर लिहा.

प्रतिसाद :
छान विषय. एक भर घालतो. या कवड्यांच्या खेळांची नावंच दानांवरून पडली आहेत. आपलं चल्लस-आठ म्हणजे चार आणि आठ, तेलुगूतलं अष्टा-चम्मा म्हणजे आठ आणि चार, कर्नाटकातलं चौकाबारा हेही दानांवरूनच. पटाचं किंवा सोंगटीचं नाव खेळाला मिळालं नाही, दानाचं मिळालं. त्यामुळे 'दान' हा शब्द जपायलाच हवा.

प्रतिसाद :
माझं बालपण सांगलीत गेलं. तिथे बुद्धिबळ घराघरांत खेळलं जाई. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाचं गाव ते. आजोबांबरोबर दुपारी पट मांडला की नुसतं जिंकून त्यांचं समाधान होत नसे. शेवटची मात प्याद्याने द्यायची, ती खरी मात. 'प्यादेमात' हा शब्द मी त्यांच्याकडून ऐकला. शह, काटशह, मात हे तर राजकारणाच्या बातम्यांत रोज असतात, पण 'प्यादेमात' गेला. सर्वांत लहान मोहऱ्याने राजाला अडवण्याचा मान त्या एका शब्दात आहे. आजोबा माझं प्यादं पुढे सरकताना बघत आणि स्वतः हरत असूनही "शाब्बास, आता धीर धर" म्हणत.

प्रतिसाद :
कॅरमचं काय? स्पर्धेत एका फेरीला 'बोर्ड' म्हणतात; २५ गुण किंवा ८ बोर्ड झाले की गेम संपतो. आमच्या चाळीत मात्र 'डाव'च म्हणत. पाळीसाठी शब्दच नव्हता, "स्ट्रायकर कुणाकडे?" एवढंच विचारत. काळ्या-पांढऱ्यांना मात्र सोंगट्याच म्हणत, म्हणजे सारीपाटाचा शब्द नव्या खेळाने तसाच उचलला.

प्रतिसाद (धागाकर्ती) :
सोंगट्यांचा मुद्दा पटला. सारीपाट घरांतून गेला तरी त्याचे शब्द कुठे कुठे जाऊन बसलेत! वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा हेही नाव आहे, कारण त्या दिवशी पार्वतीने शंकराला द्यूतात हरवलं अशी कथा आहे. कोजागरीच्या जागरणातही फासे खेळण्याची प्रथा सांगितलेली आहे.

'रडीचा डाव' राहिला की! हरायला लागलं की नियम बदलणं, पट विस्कटणं, "हे दान धरायचं नाही" म्हणणं, हे सगळं त्यात येतं. 'चीटिंग' त्याला पुरत नाही. चीटिंग जिंकण्यासाठीही करतात, रडी मात्र हरणाराच खातो. मैत्रिणीच्या मुलीला हा शब्द इतका आवडला की आईने हलकेच उलटवलेला चिंचोका तिने लगेच पकडला आणि ओरडली, "आई, रडी!"

प्रतिसाद :
आमच्याकडे कोकणात 'रडी खाणे' आणि 'रडीवर येणे' दोन्ही चालतं. देशावर 'रडी करणे' ऐकलं आहे. कोण काय म्हणतं ते लिहा.