तिरसट नायक चालेल, पण त्याचा तिरसटपणा तपासात नडू दे

'मुलं बेपत्ता झाल्याची गोष्ट, आणि तपास अधिकारी इतका माजोरडा की पुस्तक मिटावंसं वाटतं' हा रहस्यकादंबरीवरचा आक्षेप अर्धाच पटला. माज खुशाल असू दे, पण त्याचा फटका तपासाला बसलेला दिसला पाहिजे. त्यासाठी हक्काची जागा म्हणजे बालसाक्षीदार. लहान मुलाला आधी मोकळं बोलू द्यायचं असतं: 'काय काय झालं ते सांग.' हा गडी खेकसतो, 'गाडी पांढरीच होती ना?' मूल घाबरून मान हलवतं. तोच प्रश्न पुन्हा विचारला, की आपलं आधीचं उत्तर चुकलं असं समजून ते बदलतंसुद्धा. मग पुढची शंभर पानं अख्खं पथक पांढऱ्या गाडीमागे, आणि कोर्टात बचावाचा वकील त्याच जबाबाच्या चिंध्या करतो. (दारूची बाटली आणि मोडलेला संसार यापेक्षा हे कितीतरी बरं.)

घराची झडतीही तशीच. गावभर शोध घेतानाच मुलाचं स्वतःचं घर नीट बघायचं असतं: पलंगाखाली, कपाटं, माळा, वॉशिंग मशीनसुद्धा. आईबापांना तुच्छ लेखणारा अधिकारी नेमकं हेच घाईघाईत उरकतो. आणि 'चोवीस तास थांबा, मग तक्रार घेऊ' हा संवाद तेवढा नको. पोलिसांनी असं थांबायचं नसतं.