विचित्र वाद्य घ्यावं की आहे तेच घासावं?

काळी_दोन
अकरा वर्षं हौसेनं कीबोर्ड वाजवतोय. शनिवार-रविवारी तास-दोन तास, बस. आठ महिन्यांपूर्वी मोठा कीबोर्ड घ्यायला पैसे साठवले होते आणि ऐन वेळी घेतला थेरमिन. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: १९२०च्या सुमारास लेव्ह टर्मेन या रशियन शास्त्रज्ञानं शोधलेलं वाद्य. हात न लावता वाजतं. पेटीवर एक उभी दांडी आणि बाजूला एक आडवी कडी. उजवा हात दांडीजवळ नेला की सूर चढतो, डावा कडीजवळ नेला की आवाज बारीक होतो. आत रेडिओच्या पट्टीतली दोन कंपनं चालू असतात. एक स्थिर असतं, दुसरं हाताच्या अंतरानुसार हलतं, आणि त्या दोघांतला फरक आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो.

माझं म्हणणं असं की हौशी माणसानं पुढचं वाद्य घ्यायचं तर नेहमीचं घेऊच नये. दुसरी गिटार, तिसरा कीबोर्ड घेऊन काय होतं? आवाज जरा बरा येतो आणि वाजतं तेच ते. मी कीबोर्डवर बसलो की बोटं आपसूक त्याच चार कॉर्डवर जातात, मी ठरवायच्या आधीच. विचित्र वाद्यावर बोटांना काही माहीतच नसतं, मग कानाला काम करावं लागतं. आपलं पोट त्यावर चालत नाही, मैफल कुणी ठरवलेली नाही. व्यावसायिकाला जे परवडत नाही ते आपण नाही करायचं तर कुणी?

विरोधी मतं येऊ द्या.

टाचणी
घरच्यांचं मत घेतलंत का? त्यांच्या कानांनाही काम लागलं असेल.

खर्ज
ठाम विरोध, आणि तोही पोळलेल्या माणसाचा.

वाद्यांच्या हौशी जगात ‘गॅस’ नावाचा आजार आहे. गियर ॲक्विझिशन सिंड्रोम, म्हणजे वाजवण्यापेक्षा सामान जमवण्याचा नाद. पोटातला गॅस निदान उतरतो. माझ्या कपाटावर चार खोकी आहेत: कलिंबा (अंगठ्यांनी छेडायच्या धातूच्या पट्ट्या), ओटामाटोन (जपानी खेळण्यातलं वाद्य), लूपर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणारा) आणि एक हातभर सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सूर काढणारं यंत्र. प्रत्येकाशी माझा संसार साधारण तीन आठवडे टिकला.

कलिंबाचंच सांगतो. सतरा पट्ट्या, सी मेजर. पहिली संध्याकाळ म्हणजे स्वर्ग. काहीही छेडा, गोडच लागतं, कारण बेसूर व्हायची सोयच नाही. दुसऱ्या आठवड्यात भैरव वाजवावासा वाटला. कोमल रे आणि कोमल ध हवेत. म्हणजे सतरातले तीन रे आणि दोन ध, अशा पाच पट्ट्या बारक्या हातोडीनं ठोकून थोड्या पुढे काढायच्या, लांबी वाढली की सूर उतरतो. एक ठोका जास्त पडला की उलट्या बाजूनं ठोका. फोनवर ट्यूनर लावून अर्धा तास गेला, त्यात वरचा रे सैल होऊन किरकिरायला लागला. तो कागदाचा तुकडा सरकवून गप्प केला. मग पाच मिनिटं भैरव वाजवला. दुसऱ्या दिवशी साधी चाल वाजवायची होती, तर पाचही पट्ट्या पुन्हा आत. तिसऱ्या दिवशी कलिंबा खोक्यात गेला.

यात कलिंबाचा काही दोष नाही. तो ज्या म्बिरावरून आला, त्यावर झिम्बाब्वेतल्या शोना लोकांत आयुष्य घालवणारे वादक आहेत. ह्यू ट्रेसी या आफ्रिकी संगीताच्या अभ्यासकानं १९५०च्या दशकात त्यावरून सुटसुटीत वाद्य बनवून बाहेरच्या जगाला दिलं, आणि माझ्यासारख्यांनी ते पहिल्या संध्याकाळच्या गोडव्यासाठी घेतलं.

तेच ते वाजतं हे दुखणं कीबोर्डचं नसतं हो. बारा स्वर आहेत त्यात, चार कॉर्ड तुम्ही निवडल्यात. नाचता येईना म्हणून आपण नवं अंगण विकत घेतो.

लाल_पट्टी
मी मॉड्युलरवाला, म्हणजे सुटे डबे जोडून सिंथ बनवणारा, त्यामुळे या धाग्यावर सगळ्यात मोठा गुन्हेगार मीच. युरोरॅक म्हणतात त्याला. नव्वदच्या दशकाच्या मध्यात जर्मनीच्या डीटर डोएप्फरनं हे माप सुरू केलं. एक डबा सूर काढतो, दुसरा गाळतो, तिसरा चढउतार देतो, आणि साडेतीन मिलिमीटरच्या वायरींनी आपण ते जोडत बसतो. माझं नाव मागच्या बाजूच्या चपट्या केबलवरून आलंय. तिची लाल कडा उणे बारा व्होल्टच्या बाजूला यायला हवी. मी एकदा उलटी लावली. जळक्या वासावरूनच कळलं की ते मॉड्यूल गेलं.

तरी मी काळी_दोन यांच्या बाजूनं. खर्ज म्हणतात ते अंगण वगैरे ठीक, पण वाद्य माणसाला वळण लावतं हे खरंच आहे. रोलंड कंपनीचा टीबी-३०३ सिंथ घ्या. १९८१ साली आला, एकट्या वादकाला बेसची साथ मिळावी म्हणून. खऱ्या बेससारखा वाजेना, प्रोग्रॅम करायला जिकिरीचा, १९८४ला बंद. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागला आणि शिकागोच्या पोरांनी त्याची बटणं वाजता वाजता पिळायला सुरुवात केली. त्यातून ॲसिड हाउस हे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत उभं राहिलं. चांगल्या बेस गिटारमधून ते निघालं असतं?

आणि त्यांच्याही आधी आपले चरणजित सिंग. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी तोच ३०३ आणि रोलंडचंच ८०८ हे ठेक्याचं यंत्र घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड काढली. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या लोकांनी कान टवकारले.

खर्ज
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत, आभारी आहे. चरणजित सिंग हे वर्षानुवर्षं स्टुडिओत वाजवलेले वादक. राग त्यांना आधीच येत होते, यंत्र नंतर आलं. भैरव म्हणजे काय हे ३०३नं शिकवलं नाही.

थेरमिनचंही तेच. त्यावरचं सर्वांत मोठं नाव क्लारा रॉकमोर. त्या मुळात व्हायोलिन वाजवायच्या, अगदी लहानपणापासून. हाताच्या दुखण्यामुळे व्हायोलिन सुटलं आणि थेरमिनकडे आल्या. हवेत बोटं उघडून-मिटून स्वर नेमका पकडण्याची त्यांची पद्धत त्या व्हायोलिनच्या कानावर उभी होती. आधी कान, मग दांडी.

शिवाय जे ३०३ कपाटावरच राहिले त्यांची गोष्ट कोण सांगणार? माझ्या चार खोक्यांवर कुणी लेख लिहीत नाही.

निषाद
मधेच विचारते, चालेल ना? मला कुठलंच वाद्य येत नाही, थोडं गुणगुणते फक्त. हँडपॅन, ते हातानं वाजवायचं पोलादी घुमटासारखं वाद्य, घ्यायचा विचार आहे. आवाज ऐकला आणि वेडीच झाले. डी कुर्द नावाची स्केल सगळे सुचवतात. घेऊ?

लाल_पट्टी
घ्यायच्या आधी एवढं ध्यानात घ्या की त्याचे स्वर कायमचे ठोकलेले असतात. गिटारसारख्या खुंट्या नाहीत. डी कुर्दमध्ये नऊ स्वर: मध्ये खालचा डी, भोवती ए, बी फ्लॅट, सी, डी, ई, एफ, जी, ए. बदलायचा म्हटला तर बनवणाऱ्याकडेच जावं लागतं. जोरानं बडवला की सूर हलतो, आणि ओलसर हाताचा घाम तसाच राहिला तर गंज धरू शकतो, म्हणून वाजवून झालं की पुसायचा. या सगळ्यांचा मूळपुरुष ‘हांग’, स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या एका जोडीनं २००० साली बनवलेला. म्हणजे वाद्य तुमच्याहूनही लहान असेल कदाचित.

खर्ज
निषाद, मी तुम्हाला ‘नको’ म्हणणार नाही, एक काम सांगतो. रोज सहज गुणगुणता अशा पाच चाली कागदावर लिहा. त्यांतले किती स्वर त्या नवांत बसतात ते कुणा पेटीवाल्याकडून तपासून घ्या. मी कलिंबा घेताना हे केलं असतं तर एक खोकं कमी असतं.

जुनी_पेटी
पेटीवाला हजर आहे.

आधी ‘विचित्र’ कशाला म्हणायचं ते ठरवा. मी आयुष्यभर जी वाजवली ती परदेशातून आलेली, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) न निघणारी, श्रुती न देणारी पेटी. १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओनं तिच्यावर बंदीच घातली, ती १९७१मध्ये कुठे सैल झाली. बुलबुल तरंग तर जपानी ताइशोगोतोचा वंशज, १९१२चा. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तंतुवाद्य! कुणीतरी पहिल्यांदा ते घरी आणलं असेल तेव्हा टाचणीसारखं कुणीतरी हसलंच असेल.

टाचणी
हसले, पण पेटीला. थेरमिन अजून ऐकला नाही.

खर्ज
पेटी रुजली ती वाजवणाऱ्यांनी तिच्यापाशी चाळीस-चाळीस वर्षं काढली म्हणून. तुम्हीच त्यातले. मी वेगळं काय म्हणतोय?

काळी_दोन
पहिल्या पोस्टमध्ये जरा तोऱ्यात लिहिलं. खरं काय घडलं ते सांगतो.

चालू केल्यावर थेरमिनला दहा मिनिटं तसंच सोडतो, नाहीतर सूर सरकत राहतो. मग फोनवर तानपुरा लावतो आणि हवेत सा शोधतो. दांडीपासून वीतभर अंतरावर कुठेतरी असतो. सापडला म्हणेपर्यंत श्वास घेतला की छाती पुढे येते आणि सा चढतो, कारण त्या दांडीला हात, खांदा, पोट सगळं एकच. पाठीमागून कुणी गेलं तरी फरक पडतो. पहिला महिना खुर्चीत ताठ बसून निव्वळ सा. दुसऱ्या महिन्यात सा आणि प. दांडीच्या जवळ स्वर दाटीनं असतात आणि लांब गेलं की ऐसपैस पसरतात, त्यामुळे खालच्या सप्तकात हात जेवढा हलवायचा तेवढा वरच्यात हलवला तर दोन स्वर पुढे.

सगळ्यात गंमत मींडीची. कीबोर्डवर मींड नाही म्हणून मी वर्षानुवर्षं कुरकुरलो. इथे मींड फुकट आहे, नको तितकी. सुटा, सरळ स्वर मिळत नाही! रे सोडून ग लावायचा तर डाव्या हातानं आवाज बंद करायचा, उजवा हात आंधळेपणानं पुढे न्यायचा, आणि डावा उचलेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. आठ महिन्यांनी पाच स्वर जेमतेम लागतात.

पण या उठाठेवीत एक कळलं. अकरा वर्षं मला सूर आयता मिळत होता. कळ दाबली की ग. तो ग आहे की नाही हे मी कधी ऐकलंच नव्हतं. आता ऐकू येतं. म्हणून माझं म्हणणं मी मागे घेत नाही, फक्त ‘नेहमीचं घेऊच नये’ हे घेतो.

खर्ज
हे पटलं, आणि छान लिहिलंत. पण मग एक विचारू? आयता नसलेला सूर, मींड फुकट, श्वासानं हलणारा सा, असं वाद्य तुमच्याकडे जन्मापासून आहे. गळा. तानपुरा लावून आठ महिने गळ्यानं सा लावला असता तर हाच कान तयार झाला असता, आणि कपाटावर जागाही लागली नसती.

काळी_दोन
बरोबर पकडलंत. लाज वाटते, हे उत्तर आहे. थेरमिन बेसूर झाला की घरचे यंत्राला हसतात. गळा बेसूर झाला की मला. आठ महिने बेसूर राहण्याची परवानगी थेरमिननं दिली, गळ्यानं ती मी स्वतःला कधी दिली नसती.

लाल_पट्टी
जळक्या मॉड्यूलची शपथ, यासाठीच घेतात सगळे.

खर्ज
याला माझ्याकडे उत्तर नाही. बाकी विरोध कायम.

निषाद
गृहपाठ केला. पाच चाली लिहिल्या. शेजारच्या काकांना विचारलं तर म्हणाले दोन बसतात. उरलेल्या तिनांत शुद्ध ग लागतो, तो या हँडपॅनमध्ये नाही. दोन भूपातल्या आहेत आणि एक यमनची. म्हणजे नको ना?

जुनी_पेटी
काकांनी मधला डी हाच सा धरला असणार. त्या हिशोबानं ते आसावरी थाटाचे स्वर, म्हणून शुद्ध ग नाही. पण सा हलवता येतो, आम्ही पेटीवर रोज हलवतो.

एफला सा म्हणा. तेच स्वर बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध, होतात आणि भूप सापडतो. फक्त मधल्या सप्तकात सा, रे, ग एवढेच, वर पंचम नाही. चाल खाली खेळत असेल तर निभेल.

यमनसाठी बी फ्लॅटला सा म्हणा. सी रे, डी ग, ई तीव्र म, एफ प, जी ध, ए नी. खालचा ए हा मंद्र नी, म्हणजे नी-रे-ग असा उठावही झकास मिळतो. सगळा यमन आहे त्यात, फक्त वरचा सा नाही.

निषाद
म्हणजे चढत जायचं आणि नी वर येऊन अडकायचं. नाव आधीच बरोबर घेतलंय मी. सा गुणगुणून लावेन, घेते.