मदत हवी आहे: कस्टम फिट इअरफोन करावेत का? नाशिकमध्ये कानाचं माप कोण घेतं?

समीर_सिडको
मंडळी, तातडीचं आहे. कस्टम फिट इअरफोन करून घ्यायचेत. नाशिकमध्ये कानाचं माप कोण घेतं आणि सगळं मिळून किती खर्च येतो? बजेट २५ हजार, फार ताणलं तर ३०. नेटवर वाचून डोकं भणभणलंय. एक म्हणतो कस्टमशिवाय पर्याय नाही, दुसरा म्हणतो पैसे पाण्यात. आत्ताचे सारखे पडतात. पुढच्या महिन्यात सीझन सुरू होतोय, त्याआधी हवेत. "गूगल करा" असं कोणी सांगू नका, तिथूनच आलोय.

ध्वनीवेडा
आत्ताचे कोणते आहेत? वायरचे की ब्लूटूथ? फोनला लावता, लॅपटॉपला की आणखी कशाला? आणि सीझन कसला, द्राक्षांचा?

पंचवटी_पासधारक
माझं ऐका, कस्टमच्या नादी लागू नका. नॉइज कॅन्सलिंगचे मोठे हेडफोन घ्या. माझ्याकडे सोनीचे आहेत. नाशिकरोडला कानावर चढवायचे, दादरला उतरवायचे. कसारा घाटातली सगळी खडखड गायब. कानात काही खुपसायचं नाही, पडायचा प्रश्नच नाही. बजेटमध्ये बसतात वर पैसे उरतात.

ध्वनीवेडा
@पासधारक, खडखड जाते कारण ती एकसुरी, खालच्या पट्टीतली घरघर असते. नॉइज कॅन्सलिंगचं खरं काम तिथंच. माइक बाहेरचा आवाज पकडतो आणि त्याची उलटी लहर आत सोडतो. हजार हर्ट्झच्या वर गेलं की ती जादू ओसरते. तुमच्या डब्यातली पत्त्यांची चौकडी कल्याणपर्यंत ऐकू येत असणार, खरं सांगा.

पंचवटी_पासधारक
चौकडीत मीच असतो.

निवांत_काका
या सगळ्या कानात घालायच्या प्रकारांना माझा विरोध आहे. दारं-खिडक्या लावून पाऊस ऐकण्यातली गत. मी सेनहायझरचा एचडी ६०० वापरतो, पाठीमागून उघडा. तंबोरा लावल्यावर खोली भरते तसं वाटतं. आवाज डोक्यात न घुमता समोरून येतो. थोडं थांबून पैसे साठवा आणि असा एक घ्या, पुन्हा प्रश्न पडायचा नाही.

समीर_सिडको
काका, मला घरी बसून ऐकायचं नाहीये. स्टेजवर लागतात. ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाजवतो. वायरचेच आहेत. सीझन म्हणजे कार्यक्रमांचा. स्टेजवर असणार हे कळेल असं वाटलं होतं, कस्टम दुसरं कोण करतं? माप कोण घेतं तेवढं सांगा ना.

ध्वनीवेडा
आम्हाला कसं कळणार भाऊ? हल्ली लोक जिमसाठीसुद्धा कस्टम करतात.

निवांत_काका
स्टेज असेल तर एचडी ६०० नको, त्यातून सगळं आत येतं आणि सगळं बाहेर जातं. पण कार्यक्रमाहून घरी आल्यावर काय ऐकता?

तारसप्तक
मी साउंडचं काम करतो, इथल्या कालिदास आणि सायखेडकर नाट्यगृहांत बऱ्याचदा असतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. स्वतः कस्टम वापरतो.

स्टेजवर इन-इअर, म्हणजे कानात घालून आपलं वाजवणं ऐकायचे मॉनिटर, हा प्रकार रुजण्यात एका ड्रमरचाही वाटा आहे. १९९५ मध्ये जेरी हार्वे या मॉनिटर इंजिनिअरने, म्हणजे कलाकारांना ऐकू जाणारा आवाज सांभाळणाऱ्याने, व्हॅन हॅलेन बँडचा ड्रमर अॅलेक्स व्हॅन हॅलेनसाठी ते बनवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. पुढे २००८ मध्ये ती लॉजिटेकने घेतली. तेव्हा वाजवणाऱ्यासाठी कस्टम हा मुळात चोचला नाही.

माप असं घेतात. आधी दुर्बिणीने कान बघतात, मळ असेल तर काढावा लागतो. मग दोरा बांधलेला स्पंजचा बोळा आत, कानाच्या दुसऱ्या वळणाच्या पुढे बसवतात आणि मोठ्या सिरिंजने सिलिकॉन भरतात. पाचेक मिनिटांत ते घट्ट होतं आणि अख्खं बाहेर निघतं. त्यावरून प्रयोगशाळेत कवच तयार होतं, कडक अॅक्रिलिकचं किंवा मऊ सिलिकॉनचं. माप दुसऱ्या वळणापर्यंत गेलं नसेल तर तुमचे २५ हजार तिथंच गेले. सील नीट होत नाही, बास गळतो आणि स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो.

दोन प्रश्न: तुम्ही गाता का, कोरसला तरी? गात असाल तर माप तोंड उघडं ठेवून घ्यायचं, दातांत ठोकळा धरून. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो आणि "आ" लावला की सील सुटतं. दुसरं, स्टेजवर तुमच्या बाजूला कोण असतं?

वेळेचं म्हणाल तर पुढच्या महिन्याचं विसरा. माप, कवच, मग पहिल्या फिटिंगला कुठंतरी टोचलं की परत पाठवा, यात आठवडे जातात.

समीर_सिडको
कोरस गातो. डावीकडे ढोलकी, मागे ट्रंपेट. क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या तालाच्या टिकटिकीवर, वाजवतो त्यामुळे क्लिक ऐकू आलाच पाहिजे. इअरफोन पडला की आख्खं गाणं एका कानावर काढावं लागतं.

ध्वनीवेडा
@तारसप्तक, माहिती उत्तम, पण त्यांना घाबरवू नका. पडतात म्हणजे टिप (कानात जाणारं मऊ टोक) चुकीचा आहे, दुसरं काही नाही. दीड हजाराचे केझेड आणि वर फोमचे टिप. नाहीतर शुअरचे एसई२१५, ते सोबत फोमचे टिपही देतात. वायर कानावरून मागे न्यायची, खालून लोंबकळवायची नाही. आवाज अडवण्याचंच म्हणाल तर तीन चकत्यांचे इटिमॉटिक ३५ ते ४२ डेसिबल अडवतात. कडक कवचाचे कस्टमवाले स्वतःच २६ सांगतात. मग कस्टमचे जास्तीचे पैसे कशाचे?

तारसप्तक
इटिमॉटिक पडद्याच्या जवळपर्यंत घालावे लागतात. तीन तासांच्या कार्यक्रमात घामाने सरकतात आणि दर दोन गाण्यांनी पुन्हा खुपसावे लागतात. ऑक्टापॅडवाल्याचे हात मोकळे असतात का? कस्टमचे पैसे डेसिबलचे नाहीत, बसण्याचे आहेत. कानाची बाहेरची वाटी भरून बसतं म्हणून ते हलत नाही.

ध्वनीवेडा
फोम दर दोन महिन्यांनी बदला, काही सरकत नाही. मी गंगापूर रोडला पळतो त्यात.

गोदाकाठची_सई
पळायला हाडातून ऐकू येणारे घ्या! कान मोकळे राहतात, मागून येणारी रिक्षा कळते. मी तेच वापरते.

ध्वनीवेडा
ताई, त्यांना ट्रंपेट अडवायचाय.

भद्रकाली_ढोल
आम्ही पथकात सरळ कापसाचे बोळे घालतो. कस्टम-बिस्टम काही नाही. नाशिक ढोल वाजवणाऱ्याचे कान तयार असतात.

कर्णिका
@भद्रकाली_ढोल, तयार नसतात, बधिर होत असतात. मी ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे. कापसाने जवळजवळ काही अडत नाही. फार्मसीत फोमचे इअरप्लग मिळतात, ते पिळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल मात्र ४ तासच. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. पथकाच्या मध्यभागी किती असतो ते एकदा मोजून बघा.

भद्रकाली_ढोल
मोजलं तर वाजवणार कोण मॅडम? आणि डीजेवाल्यांना हे का नाही सांगत?

पंचवटी_पासधारक
बरोबर. गेल्या मिरवणुकीत आमच्या घराच्या काचा थरथरत होत्या. ढोल परवडला.

निवांत_काका
डीजे आणि ढोल दोन्ही नकोत. सनई होती ती कुठं गेली?

समीर_सिडको
धागा माझा आहे. माप कोण घेतं?

कर्णिका
सांगते. श्रवणयंत्रं बसवणाऱ्या बहुतेक केंद्रांत माप घेतात, श्रवणयंत्राच्या मोल्डसाठी, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्यासाठी, त्यांना रोज घ्यावंच लागतं. फक्त आधी फोनवर विचारा की संगीताच्या मॉनिटरसाठी, दुसऱ्या वळणाच्या पुढचं, तोंड उघडं ठेवून घेतलेलं माप देता का. मोल्डसाठी एवढं खोल माप दर वेळी लागत नाही, त्यामुळे न सांगता गेलात तर उथळ मिळू शकतं.

एक मधला मार्ग इथं कोणी सांगितला नाही. आहेत त्याच इअरफोनला तुमच्या कानाच्या मापाचे मऊ सिलिकॉनचे टिप करून घेता येतात. पूर्ण कस्टमपेक्षा खूप स्वस्त, आणि उद्या इअरफोन बिघडला तरी त्याच बनावटीचा दुसरा आणून टिप तेच ठेवायचे.

पण त्याआधी सांगा, दोन्ही पडतात की एकच?

समीर_सिडको
उजवाच. डावा घट्ट बसतो.

ध्वनीवेडा
मग मिटलं! दोन्ही कान सारखे नसतातच. डावीकडे मधला, उजवीकडे मोठा टिप लावा. २५ हजार वाचले.

समीर_सिडको
सगळ्यात मोठा लावून झालाय, फोमचा पण. तरी पडतो. आधी दोन्ही प्रकार करून बघितलेत म्हणूनच कस्टमवर आलोय.

जुना_बाजार
माझ्याकडे मित्राचे कस्टम पडून आहेत, चार ड्रायव्हरवाले (आत चार छोटे स्पीकर), ९ हजारांत देतो. बघायचे असतील तर मेसेज करा.

तारसप्तक
ते मित्राच्या कानाचे आहेत ना?

जुना_बाजार
माणसाचे कान थोडेफार सारखेच हो. एकदा घालून तर बघा.

तारसप्तक
आतले ड्रायव्हर काढून नव्या कवचात बसवून देणारे असतात, तसं केलं तर चालेल, पण तो खर्च वेगळा. नुसते घालून बघू नका, कडक कवच चुकीच्या कानात अडकलं तर निघताना सोलतं.

कर्णिका
@समीर, उजव्या कानाचं कधी ऑपरेशन झालंय का?

समीर_सिडको
लहानपणी झालंय. कान वाहायचा. कानामागे व्रण आहे. त्याचा इअरफोनशी काय संबंध?

कर्णिका
खूप आहे. कोणतं ऑपरेशन, पडद्याचं की मॅस्टॉइडचं? घरी विचारा. तोवर माप घ्यायला कुठेही जाऊ नका.

ध्वनीवेडा
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

समीर_सिडको
इअरफोनचा प्रश्न होता, तिथं लहानपणीची ऑपरेशनं कोण लिहितं? आईला विचारलं. मॅस्टॉइड म्हणते. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून मला कधी रामकुंडावर उतरू दिलं नाही. मधे कधीतरी ओला व्हायचा, आता बरीच वर्षं ठीक आहे.

कर्णिका
मग तुमचा टिप का टिकत नाही याचं उत्तर बहुधा हेच. मॅस्टॉइडच्या काही ऑपरेशनांत कानामागच्या हाडातला सडलेला भाग कोरून काढतात, नळीची मागची भिंत काढतात आणि आतली पोकळी साफ करता यावी म्हणून कानाचं तोंडही मोठं करतात. टिप गोल नळीसाठी बनवलेला असतो. तुमच्याकडे तशी नळीच राहिली नसेल तर मोठ्यात मोठा टिप लावूनही धरायला काही मिळणार नाही.

माप घेण्यातला धोका असा की अशा पोकळीत सिलिकॉन पातळ असतानाच आत पसरतं आणि तिथंच घट्ट होतं. बाहेरचं तोंड आतल्या पोकळीपेक्षा लहान असलं की ते अडकतं. ते काढायला ऑपरेशन थिएटरमध्ये जावं लागल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली आहेत. पडद्याला भोक असेल तर मधल्या कानातही जाऊ शकतं. माप घेताच येत नाही असं नाही. पोकळी आधी नीट भरून घेतात, पण ते ईएनटीने दुर्बिणीतून बघून हिरवा कंदील दिल्यावर आणि अशा कानांची सवय असलेल्या माणसाकडूनच.

दुसरी गोष्ट, एकदा वाहिलेला कान तीन-तीन तास हवाबंद ठेवणं बरं नाही. घाम आणि ओल आत राहते. म्हणजे कस्टम अगदी उत्तम बसले तरी उजव्या बाजूला ते तुमच्यासाठी योग्य असतीलच असं नाही.

ईएनटीकडे जालच तेव्हा श्रवणचाचणीही करून घ्या. उजवीकडे कमी ऐकू येत असेल तर क्लिक ऐकू यावा म्हणून तुम्ही आवाज चढवत असणार आणि त्याचा मार चांगल्या डाव्या कानाला बसत असणार.

तारसप्तक
हे वाचल्यावर मी कस्टमचा सल्ला मागे घेतो, निदान तपासणी होईपर्यंत. समीर, बंद पाठीचे मोठे हेडफोन का नकोत? सेनहायझरचा एचडी २८० प्रो बघा, कंपनी ३२ डेसिबलपर्यंत अडवतो म्हणते. कानात काही जात नाही. स्टुडिओत ड्रमर असलेच वापरतात. किंमत तुमच्या बजेटच्या निम्म्याहूनही खाली.

पंचवटी_पासधारक
मी पहिल्यांदा हेच सांगितलं होतं.

ध्वनीवेडा
तुम्ही ब्लूटूथवाले सांगितले होते. ब्लूटूथला दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर असतो. त्यावर क्लिक धरला तर समीर पुढच्या कडव्यात पोहोचेल.

पंचवटी_पासधारक
त्यालाही वायर लावता येते. डब्यात येते सोबत.

समीर_सिडको
हेडफोनचा विचार आधीच बाद केला होता. स्टेजवर तो पाटा डोक्यावर दिसतो, शेरवानीवर बरा दिसत नाही. आमचे निवेदक त्यावरच विनोद करतील. शिवाय गरम होतं.

तारसप्तक
ऑक्टापॅड कुठं असतो? मागच्या रांगेत, ट्रंपेटच्या पुढे. स्पॉट गायिकेवर असतो, तुमच्यावर नाही. गरम होतं हे खरं, मे महिन्यात लॉनवरच्या कार्यक्रमाला गादीखाली घाम साचतो. दोन गाण्यांच्या मधे, निवेदन चालू असताना काढून ठेवा. आणि फक्त डाव्या कानात इअरफोन घालून काम चालवू नका. एका कानाने ऐकताना माणूस आवाज नकळत वाढवतो. मिक्सरवाल्याला सांगून तुमच्या लाइनवर लिमिटरही (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा) लावून घ्या. माइक पडला, केबल उपटली की तो धमाका थेट कानात येतो.

गोदाकाठची_सई
हाडातून ऐकू येणारे त्यांना खरंच चालतील ना? कानात काही जात नाही.

कर्णिका
कानाच्या दृष्टीने चालतील, कल्पना वाईट नाही. पण कान उघडे राहतात, ढोलकी आणि ट्रंपेट जसेच्या तसे आत. त्यावर क्लिक ऐकायचा तर आवाज वाढवावाच लागेल. श्रवणचाचणी झाल्यावर बघू.

भद्रकाली_ढोल
मॅडम, ते फोमचे प्लग एकदाच वापरायचे की धुऊन?

कर्णिका
मळले, कडक झाले की टाकून द्या. पथकाला एकदम डबा घ्या, सुट्याला महाग पडतात.

समीर_सिडको
ईएनटीची मंगळवारची वेळ मिळाली. आईने जुनी फाइल शोधून काढलीय, ती नेतो. शनिवारचा कार्यक्रम मात्र आहेच. भावाकडे एक बंद हेडफोन आहे, कंपनी माहीत नाही, तो आणलाय. त्याची पिन बसत नाही. कोणाकडे कन्व्हर्टर आहे का? आज-उद्यात हवा.

ध्वनीवेडा
कोणती पिन आहे आणि कशात घालायचीय? मोठीतून बारीक की बारकीतून मोठी?

समीर_सिडको
साधी पिन. नेहमीची.