जामाई षष्ठीचे जेवण : मोहरीचे वाटण कडू का होते, आणि इलिश नसेल तर काय करावे?

नारळीपौर्णिमा

नमस्कार. माझ्या मुलीचा विवाह गेल्या मार्गशीर्षात झाला. जावई मूळचे कोलकात्याचे असून नोकरीनिमित्त पुण्यात राहतात. ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला बंगालमध्ये जावयाला सासुरवाडीस बोलावून जेवू घालण्याची रीत आहे, आणि यंदा त्यांची ही पहिलीच जामाई षष्ठी आहे. आपल्याकडे अधिक महिन्यात जावयाला अनारसे आणि वाण देतात, तेवढे मला ठाऊक आहे; पण तिकडच्या या सणाचे जेवण नीट व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. विहीणबाई सध्या मुलाकडे मुक्कामाला आहेत, त्यांच्यासोबत जावयांच्या आजीही आहेत, आणि त्या दोघीही जेवायला येणार आहेत.

माझे माहेर अलिबागजवळचे असल्यामुळे मासे करण्यात मी नवखी नाही. तरीही दोन आठवड्यांपूर्वी सराव म्हणून केलेला मोहरीतला इलिश, म्हणजे हिलसा मासा, पुरता फसला. एका दुकानातून बर्फातला मासा आणला, काळी मोहरी भिजवून मिक्सरमध्ये बारीक वाटली, वाटण तेलात तेल सुटेपर्यंत परतले, थोडे ओले खोबरे आणि दोन आमसुले घातली आणि शेवटी तुकड्या सोडल्या. कालवण इतके कडू झाले की मलाच दुसरा घास घेववेना. जावयांनी तोंडाने काही म्हटले नाही, माशाची तुकडी निगुतीने काटे काढून संपवली, पण रस तेवढा ताटाच्या कडेला तसाच राहिला. ते ताट उचलताना मला फार वाईट वाटले.

मोहरीचा कडूपणा कशाने येतो, जूनमध्ये चांगला इलिश न मिळाल्यास दुसरा कोणता मासा शोभेल, आणि पानात काय आधी, काय नंतर वाढावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

हुगळीकाठ

ताई, मी गेली बावीस वर्षे कोलकात्यात राहते आणि पहिल्या वर्षी माझ्या हातून नेमकी हीच चूक झाली होती, म्हणून आधी मोहरीचेच सांगते. आपला हात वाटण परतल्याशिवाय थांबत नाही. कांदा-खोबऱ्याच्या वाटणाला ते मानवते, मोहरीला अजिबात मानवत नाही. मोहरीचा झणका ती पाण्यात भिजून चिरडली जाते तेव्हा तयार होतो. हे वाटण गरम तेलात परतले की तो झणका उडून जातो आणि मागे कडूपणा तेवढा राहतो. मिक्सर फार वेळ फिरवल्यानेही तेच होते.

बंगाली घरात दोन भाग पिवळी आणि एक भाग काळी मोहरी घेऊन साध्या पाण्यात अर्धा तास भिजवतात. पाणी गरम घेऊ नये. ते पाणी टाकून देतात आणि मोहरी दोन-तीन हिरव्या मिरच्या व मीठ घालून वाटतात. मिरची आणि मीठ वाटतानाच घालायचे, नंतर नाही, कारण कडूपणा आवरण्याचे काम त्यांच्याकडे असते. माझ्या सासूबाई शिल-नोड्यावर, म्हणजे आपल्या पाटा-वरवंट्यावर, थोडे थोडे पाणी शिंपडत वाटतात. मिक्सर वापरायचाच असेल तर तो थांबत थांबत फिरवावा आणि वाटण मलमलच्या कापडातून गाळून साले काढून टाकावीत. बरोबर चमचाभर खसखस वाटली तर चव आणखी मवाळ होते. हे वाटण, हळद, मीठ, उभ्या चिरलेल्या मिरच्या आणि भरपूर कच्चे मोहरीचे तेल एकत्र करून त्यात माशाच्या तुकड्या माखायच्या आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून बारा-पंधरा मिनिटे वाफवायच्या. याला भापा म्हणतात. फोडणी नाही, परतणे नाही, कांदा-लसूण नाही. डबा उघडल्यावर पुन्हा चमचाभर कच्चे तेल वरून सोडायचे. डबा उघडताना येणारी ती वाफ डोळ्यांत पाणी आणते, आणि ते पाणी आले तर समजावे की जमले.

आमसुलाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगते. कोकणात आंबटाशिवाय माशाचे कालवण होत नाही, आणि माझे मनही पहिली काही वर्षे त्याच्यासाठी तळमळले. पण बंगाली जेवणात आंबटाला स्वतःची वेगळी जागा आहे. ते शेवटी येते, कैरीच्या गोड चटणीच्या किंवा अंबलाच्या, म्हणजे आंबट पातळ सारासारख्या पदार्थाच्या, रूपाने. मोहरीत आमसूल घातले तर दोन्ही चवी एकमेकींशी भांडतात.

वाढण्याचा क्रमही यातूनच समजतो. आधी कडू, मग सौम्य, मग तिखट आणि मसालेदार, नंतर आंबटगोड, शेवटी गोड. सुरुवात शुक्तोने करावी. कारले, कच्चे केळे, शेवग्याची शेंग, वांगे, रताळे आणि डाळीचे तळलेले सांडगे यांची ही दुधाळ भाजी दुपारच्याच जेवणात करतात, रात्री नाही. मग डाळ आणि वांग्याचे तळलेले काप, मग मासे हलक्यापासून जडापर्यंत, मग मटण, मग चटणी आणि पापड, शेवटी मिष्टी दोई, म्हणजे गोड दही, आणि संदेश ही छेन्याची मिठाई. एका पानात सगळे एकदम वाढून भाताभोवती मांडायची आपली पद्धत तिथे नाही. एक पदार्थ भाताशी खाऊन संपला की दुसरा येतो, त्यामुळे वाढणाऱ्याला जेवणभर उभे राहावे लागते.

संदेश विकतचा आणणार असाल तर जोलभरा मिळतो का पाहा. ताडगोळ्याच्या आकाराच्या या संदेशाच्या पोटात गुलाबपाणी असते. चंदननगरच्या सूर्य मोदक या मिठाईवाल्यांनी तो एका जमीनदार घराण्यातल्या जावयाची गंमत करण्यासाठी घडवला, असे तिकडे सांगतात. जावयाने चावा घेतला आणि त्याचा झब्बा भिजला. पहिल्या जामाई षष्ठीला तो पानात असला की घरातली सगळी माणसे जावयाकडे बघत राहतात.

खाडीपलीकडे

नारळीपौर्णिमाताई, आपण अलिबागच्या असूनही इलिशच्या मागे लागलात, याचे मला आश्चर्य वाटले. बंगाली लोक ज्याला भेटकी म्हणतात आणि लग्नकार्यात ज्याच्याशिवाय त्यांचे चालत नाही, तो आपला जिताडाच आहे. रायगडातल्या खारपट्ट्यात भातशेतीला लागून जी तळी असतात, त्यांत वाढवलेला जिताडा जूनमध्येही मिळतो. समुद्रातल्या माशांची त्या दिवसांत अडचणच असते, कारण १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते, म्हणजे जामाई षष्ठीच्या सुमारास कोलकात्याच्या बाजारातही इलिश बरेचदा शीतगृहातलाच असतो. अशा वेळी बर्फात महिनोन्‌महिने राहिलेल्या इलिशपेक्षा ताज्या जिताड्याची पातुरी, म्हणजे केळीच्या पानात बांधून शिजवलेला मासा, शंभर पटींनी चांगली, असे माझे स्पष्ट मत आहे.

पातुरीसाठी जिताड्याचे काटे व कातडी काढून तळहाताएवढे, बोटभर जाड तुकडे करून घ्यावेत. त्यांना मीठ-हळद लावून ठेवावी. हुगळीकाठ यांनी सांगितलेल्या मोहरीच्या वाटणात निम्मे ओले खोबरे वाटून घालावे. इथे आपल्या हातच्या खोबऱ्याला पूर्ण मान आहे. केळीच्या पानाची जाड शीर काढून पान विस्तवावरून हलकेच फिरवावे. त्याचा रंग गडद होऊन ते चामड्यासारखे लवचीक झाले की ते फाटत नाही. त्यावर वाटण, वाटणावर मासा, माशावर पुन्हा वाटण, एक मिरची आणि थोडे मोहरीचे तेल घालून पुडी वळावी, सुतळीने बांधावी आणि तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी सहा-सात मिनिटे ठेवावी. पान काळसर होऊन करपल्याचा वास येऊ लागला म्हणजे आतला मासा शिजला. पुडी बांधलेलीच पानात वाढावी आणि जावयांनाच सोडू द्यावी.

बंदीच्या काळात शेतातल्या तळ्यांतली कोलंबी मिळते, तिची मलाईकारीही करता येईल. नारळाचे दूध, दालचिनी-वेलची-लवंग, चिमूटभर साखर एवढ्यावर ती होते. कढीपत्ता आणि तिरफळ मात्र कटाक्षाने बाजूला ठेवावे.

गंगासागर_दादर

मी बंगाली आहे, वाढलो दादरमध्ये, म्हणून मराठीतून लिहिण्याचे धाडस करतो. वरच्या दोघांनी स्वयंपाकाचे उत्तम सांगितले आहे. मला जे सांगायचे आहे ते जेवणाऱ्यांविषयी आहे.

षष्ठी हे मुलाबाळांच्या कल्याणासाठी आयांनी करायचे व्रत आहे. तुमच्याकडे बाळाच्या जन्मानंतर जिची पूजा होते ती सटवाई आणि आमची षष्ठी ठाकरुण एकच, असे मला नेहमी वाटत आले आहे. त्या दिवशी आई स्वतः मासे खात नाही. पुष्कळ घरांत ती भातही खात नाही, लुची, म्हणजे मैद्याची पुरी, आणि फळांवर राहते. माझी आई पहाटेपासून पाच प्रकारचे मासे रांधायची, माझ्या भावोजींना आग्रहाने वाढायची आणि स्वतः दुपारी चारला लुची आणि हरभऱ्याच्या डाळीवर जेवायची. तेव्हा आपल्या विहीणबाईही त्या दिवशी बहुधा निरामिष, म्हणजे शाकाहारी, असतील. माशांची एवढी तयारी झाली आणि त्यांच्यासाठी काहीच नाही, असे व्हायला नको. खोबऱ्याचे काप घातलेली हरभऱ्याची डाळ, शुक्तो आणि मैद्याच्या लुच्या केल्यात तर त्या समाधानाने जेवतील.

आजीबाईंविषयी मुलीकडून आधी हळूच विचारून घ्यावे. त्यांच्या पिढीतल्या विधवांना मासे, मटण, कांदा, लसूण, एवढेच नव्हे तर मसुरीची डाळसुद्धा वर्ज्य होती, आणि त्यांचा स्वयंपाक वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत होत असे. हा नियम त्यांच्यावर लादलेला होता, याचे दुःख मला माझ्या आजीकडे पाहून फार जवळून कळले. त्या वेगळ्या चुलीवर या बायकांनी केळफुलाचे घंट (मिश्र भाजी), धोकार दालना (डाळीच्या वड्यांची रस्साभाजी), खसखशीतल्या भाज्या असे पदार्थ इतक्या थरापर्यंत नेले की आज सगळे बंगाली घर ते कौतुकाने खाते. आजही काही वृद्ध स्त्रिया तो नियम मनाने पाळतात. आपल्या आजीबाई पाळत असतील तर त्यांचे सारे आधी करून वेगळे झाकून ठेवावे, आणि तळणीचे तेल माशाआधी त्यांच्यासाठी वापरावे.

दुसरी गोष्ट, घर घोटी की बाङाल, हेही विचारावे. पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते घोटी. त्यांच्या डाळीत, भाजीत साखर असते आणि कोलंबीवर त्यांचा जीव असतो. फाळणीत पूर्व बंगालमधून आलेले ते बाङाल. त्यांचे जेवण तिखट असते, सुका मासा त्यांना प्रिय असतो आणि इलिश म्हणजे त्यांच्या सोडून आलेल्या नद्यांची आठवण असते. बाङाल घरांतल्या काही रीती तर इलिशवरच उभ्या आहेत. सरस्वतीपूजेला इलिशची जोडी तेल-शेंदूर लावून घरात घेतात. घोट्यांकडे सरस्वतीपूजेच्या दुसऱ्या दिवशी शीतल षष्ठीला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी अख्ख्या भाज्या-कडधान्ये घालून शिजवलेले गार ‘गोटा शेद्धो’ खातात आणि शिल-नोड्याची पूजा करतात. ज्या दगडावर वर्षभर मोहरी वाटली जाते त्याला एक दिवस विश्रांती मिळते.

तुमच्याकडच्या नवरात्रात मांसाहार बंद असतो, म्हणून आमच्या दुर्गापूजेतल्या मटणाविषयी मला शाळेत नेहमी विचारले जाई. आमच्याकडेही अष्टमीला अंजली दिल्यावर लुची आणि डाळच असते. नवमीला मात्र मटण होते, आणि देवीच्या बलीचे असेल तर त्यात कांदा-लसूण घालत नाहीत. त्याला निरामिष मांस म्हणतात. मासा आमच्याकडे अशुभ नाही, उलट मंगल आहे. लग्नात हळदीच्या दिवशी वराकडून वधूकडे मोठा रुई, म्हणजे रोहू, नथ-साडी घालून नवरीसारखा सजवून पाठवतात.

नारळीपौर्णिमा

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. विहीणबाई त्या दिवशी मासे खाणार नाहीत, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. मुलीला विचारले. घर घोटी आहे, विहीणबाई व्रत करतात आणि आजीबाई कांदा-लसूण खात नाहीत. जिताड्यासाठी भावाला आजच फोन केला आहे. इलिशचा विचार सोडला.

काल आपण सांगितल्याप्रमाणे मोहरी वाटली. पाटा माळ्यावरून उतरवून घेतला. वाटण बोटावर घेऊन चाखले, झणका नाकात गेला आणि कडू अजिबात लागले नाही. आता एवढेच विचारते की रोहूही करावा का, आणि सासूने त्या दिवशी नेमके काय विधी करायचे असतात?

हुगळीकाठ

रोहू जरूर करा, पण त्याच्या डोक्यासाठी. जावयाला माशाचे डोके, म्हणजे मुडो, वाढणे हा मानाचा भाग आहे. दोन किलोच्या आसपासचा मासा घ्यावा आणि कल्ले नीट काढून डोके दोन भागांत करून घ्यावे. त्याला मीठ-हळद लावावी, मोहरीचे तेल धूर येईपर्यंत तापवून आच कमी करावी आणि त्यात डोके खरपूस तळावे. तेल पुरते तापले नाही तर मासा कढईला चिकटतो आणि तेलाचा कच्चा वास राहतो. मुगाची डाळ कोरडी, गुलाबी होईपर्यंत भाजून शिजवावी. जिरे, तमालपत्र, आले आणि हिरवी मिरची यांची फोडणी देऊन डोके डाळीत सोडावे आणि पाच-सात मिनिटे उकळू द्यावे. उरलेल्या तुकड्या हलक्या तळून कलौंजी-हिरव्या मिरचीच्या पातळ झोलमध्ये बटाट्याबरोबर घालाव्यात.

विधी सोपा आहे. जावयाला पाटावर बसवून कपाळाला दह्याचा टिळा लावावा, दूर्वा घेऊन आशीर्वाद द्यावा, मनगटाला हळदीने पिवळा केलेला दोरा बांधावा आणि ताडाच्या पानाचा पंखा पाण्यात बुडवून ‘षाट षाट’ म्हणत वारा घालावा. आंबा, लिची, जांभूळ, फणस अशा त्या दिवसांतल्या फळांची थाळी समोर ठेवावी. ताडाचा पंखा पुण्यात मिळाला नाही तर मला कळवा, इथे कोलकात्यात गडियाहाटच्या बाजारात तो ज्येष्ठात ढिगाने येतो आणि मी टपालाने पाठवू शकेन.